पोळ्याचं आवतन

२० ऑगस्ट, बुधवार. पुणे. संध्याकाळी ७.

दोन दिवसांची रजा मंजूर. शनिवार-रविवार धरून चार दिवस संपूर्ण विश्रांती. मी विश्रांती हा विषय गंभीरपणे घेतो. सोमवारी ऑफिसात 'रेस्ट अँड रिचार्ज'वर माझंच प्रेझेंटेशन आहे, म्हणजे एका अर्थी हे फील्डवर्कच.

ठराव. लॅपटॉप नेणार नाही. (नेतोय. उघडणार नाही.) रोज दुपारी झोप. भाषा शुद्ध. वंदना माहेरच्या हद्दीत शिरली की 'हो'ऐवजी 'हाव' म्हणायला लागते. बारा वर्षांच्या संसारात मी एकदाही म्हटलेलं नाही.

आणि मुख्य गोष्ट. वंदनाचे वडील, कारभारीमामा, मला अजून 'पाहुणे' म्हणतात. बारा वर्षं! या पोळ्याला त्यांनी मला घरचा माणूस म्हणावं, एवढी एकच इच्छा आहे. वंदनाला सांगितलं तर म्हणाली, मग पहाटे उठून गोठ्यात जा. मी म्हटलं, त्याची गरज पडणार नाही. माणसं जिंकायला व्यक्तिमत्त्व लागतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ४.

पोचलो. धाड गावात चहा, नंतर घाटात वंदनाने गाडी चालवली. मी सूचना दिल्या. धामणगाव बढेच्या पुढे रस्ता संपतो आणि सासरवाडी सुरू होते.

स्वागताची तयारी डोळ्यांत भरण्यासारखी. अंगण सारवलेलं. भिंतीला चुना. गोठा लख्ख. माझा मेव्हणा गोपाल पितळी घुंगरं चिंचेने घासत बसलेला. स्वयंपाकघरात डाळीचं भलंमोठं पातेलं. सासूबाईंना, म्हणजे सत्यभामामामींना, म्हटलं की एवढं सगळं कशाला. त्या म्हणाल्या, सालातून एकदाच तं येते, मंग कराव लागते. भरून आलं. आम्ही खरंच वर्षातून एकदाच येतो.

मामा गुडघ्याला फडकं बांधून बसलेले. म्हणाले, "या पाहुणे." तेवढंच.

संध्याकाळी ६.३०.

मोठी घटना. गोठ्याजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. मामा खैऱ्या आणि चांद्या या दोन बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. वर्षभर जू ओढून खांदे दुखतात म्हणे. माझेही दुखत होते, ड्रायव्हिंगने. (घाटाआधीच्या.) पण मी बोललो नाही.

चोळून झाल्यावर मामा हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, नक्की येतो, मामा. मामा स्वभावाने भिडस्त. जावयाच्या नजरेला नजर देववत नाही म्हणून बैलांकडे बघून बोलले. गोपालला एकदम ठसका लागला आणि तो बाहेर गेला. धुळीची ॲलर्जी असावी.

बारा वर्षांत पहिल्यांदा रीतसर निमंत्रण. व्यक्तिमत्त्व काम करतंय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. सकाळी ११.

झोप साडेनऊपर्यंत. उत्तम. बाकी घर पहाटेच उठलं. सगळे बैल धुवायला ओढ्यावर गेले होते. हाक मारली नाही. निमंत्रितांना कोण उठवणार?

खैऱ्याशी मैत्री केली. पुण्याहून आणलेली माझी डाएट बिस्किटं त्याला आवडली. पुडा संपला. खिसा हुंगत राहिला. जनावराला माणूस कळतो.

गोपाल म्हणाला, बाबांचा गुडघा दुखतो, तवा यंदा चांद्याले मी धरतो, खैऱ्याले तुमी धरान काय, भाऊजी? मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण आडवं, गळ्याच्या उंचीवर बांधतात, त्याच्यामागे गावच्या साऱ्या जोड्या उभ्या राहतात. ते तोडण्याचा मान भागवत पाटलांचा. त्यांची जोडी पुढे, त्यांनी तोरण तोडलं की पोळा फुटतो, मग बाकीच्यांनी निघायचं. मी म्हटलं, टीम लीड करणं हे माझं रोजचंच काम आहे.

दुपारी २.१५.

जेवलो. मामी आणि वंदना विहिरीवर गेल्या होत्या, मामा पडले होते. देवापुढे सुपात पुरणपोळ्या मांडलेल्या, वर तूप, शेजारी रांगोळी, हळदकुंकू. मोजून पाच. पाट मात्र मांडला नव्हता, तेवढी एक त्रुटी. कुणाला त्रास नको म्हणून मी स्वतःच बसलो. चार संपवल्या. पुरणात वेलदोडा जरा जास्त, पण मी कौतुकच करणार आहे.

दुपारी २.५०.

ते सूप बैलांचं होतं.

पोळ्याला आधी बैल जेवतात. बैल पोळ्यावरून येईपर्यंत घरात कुणी तोंडात काही घालत नाही. मामा, मामी, गोपाल, वंदना, सगळे सकाळपासून नुसत्या चहावर. मामींनी एकच पोळी उरलेलं सूप पाहिलं, मला पाहिलं, आणि पुन्हा चूल पेटवली. एक शब्द नाही. वंदनाने मात्र शब्द वापरले. बरेच.

मी म्हटलं, मला आवतन होतं. ती म्हणाली, ते बैलांना होतं. यावर मी खोलात गेलो नाही. सणाच्या दिवशी वाद नको.

मामा उठले, सूप पाहिलं, बाहेर गेले. 'पाहुणे'सुद्धा म्हणाले नाहीत. जीव इवलासा झाला. बारा वर्षांत कमावलेलं चार पोळ्यांत गेलं.

उपाय सापडला. उरलेली पाचवी पोळी कुर्त्याच्या खिशात ठेवली आहे. पोळा झाला की पहिला घास खैऱ्याला माझ्या हातून. भरपाई पूर्ण.

संध्याकाळी ७.



पारासमोर साठ-सत्तर जोड्या. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. मी पांढरा कुर्ता, गुलाबी फेटा, हातात खैऱ्याचा कासरा. आम्ही दुसऱ्या रांगेत, पाटलांच्या जोडीच्या बरोबर मागे. वंदना ओट्यावरून व्हिडिओ घेत होती. हे ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं होतं.

खैऱ्याने खिसा हुंगला. मी एक पाऊल पुढे सरकलो. त्याने पुन्हा हुंगला. मी म्हटलं, थांब, नंतर. त्याला नंतर मान्य नव्हतं. त्याने डोकं माझ्या बरगडीखाली घातलं आणि ढकललं. मी पाटलांच्या जोडीला वळसा घालून थेट पुढे गेलो. तोरण गळ्यात अडकलं आणि तुटलं.

पोळा फुटला. माझ्यामुळे. साठ-सत्तर जोड्या माझ्या दोन्ही बाजूंनी धावल्या. मी मध्ये, गळ्यात आंब्याची पानं. खैऱ्या शांतपणे खिशातून पुरणपोळी काढून खात होता. खिशासकट.

कुणीतरी ओरडलं, यंदा कारभाऱ्याचा जवाईच सुटला बे. अख्खा पार हसायला लागला. भागवत पाटील हसले नाहीत. त्यांच्या घराचा मान चार पिढ्यांचा आहे म्हणे. ते तडक माझ्याकडे आले. मी प्रेझेंटेशनच्या आवाजात 'ॲक्च्युअली' म्हणालो.

मामा लंगडत गर्दीतून आले. माझ्या गळ्यातलं तोरण काढून पाटलांच्या हातात दिलं आणि हात जोडले.

"घरचा हाय पाटील. नवा हाय. एक साल सांभाळून घ्या."

पाटील मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाले, हाडापेरानं बरा दिसते, शिकन. आणि तेही हसले.

घरचा! चारचौघांत! मी म्हटलं होतं की व्यक्तिमत्त्व लागतं. बैल जेवल्यावर घर जेवलं. मला भूक नव्हती.

२३ ऑगस्ट, शनिवार. पहाटे ५.१०.

"ऊठ बे हर्षल. शेण भराचं हाय."

मामांचा आवाज. मला वाटलं, स्वप्न.

दुपारी १.

स्वप्न नव्हतं. शेण भरलं. गोठा झाडला. हौदात पाणी भरलं, बादल्या एकवीस. मग कडबा. गोपाल कुठे म्हणून विचारलं, तर तो सकाळीच डोणगावला गेला. सासरवाडीला. तिथे तो पाहुणा आहे.

खैऱ्या आणि चांद्या सकाळपासून बसून. काल सण झाला, आज आराम. मी पाणी ठेवलं की मान वळवतात.

सायंकाळी ६.

मामांना म्हटलं, मी जरा विश्रांतीसाठी आलो होतो. गुरुवारी तुम्ही हात जोडून आवतन दिलंत, तेव्हा वाटलं नव्हतं असं काही असेल. मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आता लक्षात आलं, ते मुळीच भिडस्त नाहीत. चांगले रोखून बघतात.

"आवतन पाहुण्याले असते बे," ते म्हणाले. "घरच्या माणसाले काम असते."

लॅपटॉप उघडायची इच्छा झाली. नुसता बसून करायच्या कामाची एवढी ओढ कधी लागली नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.

निघालो. शेजारच्यांच्या जावयाला टॉवेल, टोपी, नारळ मिळालं, मी पाहिलं. दरवर्षी मलाही मिळायचं. टोप्या मी घालत नाही, पण कपाटात अकरा आहेत. या वर्षी मामींनी लोणच्याची बरणी दिली आणि मागच्या वेळचे दोन डबे धुऊन परत पाठव म्हणाल्या.

पाहुणा होतो ते काही अगदीच वाईट नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार. पुणे. संध्याकाळी ६.

प्रेझेंटेशन उभ्याने दिलं. बसता येत नाही. 'संपूर्ण विश्रांतीचे फायदे' या स्लाइडवर कंबरेत उसण भरली. व्हिडिओ ग्रुपवर मी टाकला नव्हता. वंदनाने स्टेटसला ठेवला होता. बॉसने विचारलं, त्यातला लीडर नक्की कोणता?

उद्याची सिक लीव्ह टाकली. ठरवलं, आता वर्षभर सासरवाडी नाही. तसं मामांना स्पष्ट, नम्र आणि शुद्ध भाषेत कळवायचं. मुद्दे कागदावर काढले.

तेवढ्यात फोन वाजला. मामा. बारा वर्षं ते नेहमी वंदनाला फोन करतात. आज मला केला.

म्हणाले, खैऱ्या सकाळपासून तुही वाट पाहून राह्यला, मी गेलो तं खिसाच हुंगते. मग म्हणाले, दसऱ्याची रजा आताच टाकून ठेव, सोयाबीन सोंगाचं हाय. म्हणजे कापणी. विचारलं नाही. सांगितलं.

कागद हातातच होता. मी म्हणालो, "हाव."

वंदना स्वयंपाकघरातून बघायला आली, कोण बोललं म्हणून. कंबर शेकायला पाणी तापत ठेवलंय.