हातमोज्यांऐवजी

प्रिय दिपाली,

तुला हसू येईल, पण वर्गात हजेरी देतानाही अडखळणारी तुझी मैत्रीण सध्या खुनांच्या गोष्टी लिहिते. फार जुन्या, स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या एका इंग्रजी गुप्तहेरमालेची रूपांतरे मी एका प्रकाशकासाठी करते आहे. लंडनचे धुके काढून राजूरची कोळशाची धूळ घालायची, बग्गीच्या जागी ऑटो. आई म्हणते, "एवढी शिकून हेच करून राह्यली काय वं?"

एका कथेत मात्र मी अडले. त्यातला नवरा सांगतो, बायको भांडून घर सोडून गेली. पण तिचे हातमोजे खुंटीलाच असतात. तिकडची कुलीन स्त्री हातमोज्यांवाचून उंबरठा ओलांडत नाही, म्हणजे ती गेलीच नाही. आपली बाई कशावाचून घराबाहेर पडत नाही? चप्पल, पदर, डोरले, काहीच पटेना. मग तुझी कोकिळाताई आठवली. रजतभाऊजींशी लग्न होऊन आमच्या शेजारी नांदायला आल्यापासून ती नळावर निघाली तरी हाक द्यायची, "येतो वं, उज्ज्वला!" एकदा मी नुसते 'जा' म्हटले, तर केवढी रागावली! "जा म्हनू नोको, ये म्हन. जाते ते मेलेलं मानूस." मी तेच कथेत घातले. नवरा म्हणतो, 'जाते' म्हणाली आणि गेली. गुप्तहेर तिथेच त्याला धरतो.

ते वाक्य लिहून झाले आणि मी लेखणी खाली ठेवली. पोळ्यानंतर ताई दिसेनाशी झाली, तेव्हा रजतभाऊजींनी तुझ्या बाबांना आमच्यासमोरच सांगितले होते, "भांडली, 'जातो मी' म्हने, अन् गेली." आपण सगळ्यांनी ते ऐकून घेतले.

परवा ते आमच्या अंगणात आले. आईने त्यांना माझी कथा कौतुकाने सांगितली होती. हसत म्हणाले, "मंग तो नवरा सापडते कसा, उज्ज्वला?" अजून शेवटापर्यंत वाचले नाही, असे मी खोटेच सांगितले. "वाचलं का मले सांगजो," म्हणाले. तेव्हापासून भिंतीपलीकडचा त्यांचा टीव्ही बंद असतो; इकडचा शब्द न् शब्द तिकडे ऐकू जातो. म्हणून तुला फोन केला नाही.

ताईच्या चिमुकलीला सांभाळायला ते रविवारी तुला राजूरला आणणार, हे आज भाजीवाल्या इंदूबाईंकडून कळले. त्यांच्याच हाती हे पत्र मुकुटबनला पाठवते आहे. दिपाली, त्यांच्या गाडीत बसू नकोस. बाबांना घेऊन शनिवारीच वणीच्या ठाण्यात ये. मी तिथे असेन. ताईला नागपूर-चंद्रपूरच्या बसस्टँडांवर शोधणे आता थांबवा, असे बाबांना सांग. आमच्या घरामागच्या बंद खाणीत पाणी साचले आहे. ते उपसा, असे आपल्याला पोलिसांना सांगायचे आहे.

तुझीच,
उज्ज्वला