खुब्याच्या ऑपरेशनआधी

प्रिय ताई,

फोनवर बोलता येत नाही. इथं एकच खोली, आणि सासूबाईंचे कान तिखट. शेजारीण तुझ्याच गावाला निघालीय, तिच्या हाती ही चिठ्ठी देतेय. अक्षराला हसू नकोस. ऑपरेशनसाठी ते संधिवाताचं बायोलॉजिकल इंजेक्शन बंद ठेवलंय ना, बोटं परत आखडलीत. पोराच्या झबल्याची बटणं सासूबाई लावतात, आणि लावताना मला ऐकू जाईल एवढा सुस्कारा सोडतात.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. इंजेक्शननं वात दबला, पण तोवर खुब्याचा सांधा झिजून गेला होता, आणि झिजलेलं काही औषधानं परत येत नाही. म्हणून सांधा नवा बसवायचा. मला वाटलं, चला, टोचणं तरी सुटलं. कसलं काय, जखम भरली की ते पुन्हा आहेच.

हे खूश आहेत. कारखान्यातनं रजा मिळाली. मला खाली वाकायचं नाही म्हणून पलंगाच्या पायांखाली विटा लावून तो उंच केला. पोराला कडेवर घ्यायचं नाही, म्हणून आत्तापासूनच त्याला ह्यांची सवय लावतोय. ते माझ्याकडे हात करतं आणि मी तोंड फिरवते. तूही रजेसाठी मालकिणीशी भांडलीस. सगळे सोमवारच्या ऑपरेशनकडे डोळे लावून बसलेत, आणि मला एका जागी चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की खुबा जीव काढतो. सासूबाई भागूबाई म्हणतात. पोराच्या ताटलीतलं मऊ मऊ खाते, तर म्हणतात, हिचेच लाड जास्त.

ताई, मी सुरीला नाही गं घाबरत. माझी दाढ सुजलीय. पू झालाय, तोंडात चव येते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फोड, दाढ, ताप, काहीही असलं तर आधी सांग. त्या इंजेक्शननं अंगाची राखण ढिली पडते. घाण रक्तातनं नव्या सांध्यात उतरली तर तो काढावा लागेल. काल तपासणीत नर्सनं विचारलं, कुठं काही दुखतंय का. ह्यांनी माझ्याकडे इतक्या आशेनं बघितलं की मी म्हटलं, "काही नाही."

उद्या जाऊन खरं सांगणार आहे. तारीख हातची जाईल, पुढची कधी मिळेल देव जाणे. ह्यांना आज जेवण झाल्यावर सांगेन. ऐन वेळी माझी जीभ मागं फिरू नये, म्हणून आधी तुला लिहून टाकलं. तू सोमवारी येऊ नकोस. मला पोटभर शिव्या दे, आणि ती रजा राखून ठेव.

तुझीच,
धाकटी