तीस मीटरची चिमणी

११ मे
दादा भाजला. दुपारी तीन वाजता त्याने बॉयलरच्या भट्टीचं दार उघडलं आणि ज्वाळा उलटी अंगावर आली. दोन्ही हात, मान, अर्धा चेहरा. बावीस वर्षं बॉयलर चालवतोय माझा भाऊ, कधी साधा चटका नाही.

दवाखान्यात उभा होतो. रडू आलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजत राहिलो — उभ्या चौदा, आडव्या एकवीस.

१२ मे
चौकशी समिती बसली. धूर अडवायची झडप बंद सापडली म्हणे. आग विझवताना कुणी ओढली की आधीच बंद होती, छातीठोकपणे कुणी सांगत नाही. आधीच बंद असेल तर चूक दादाची, आणि त्याचा परवाना जाणार.

नव्या चिमणीच्या उंचीचा हिशेब माझा होता, म्हणून तिची ओढ, म्हणजे धूर वर खेचायची ताकद, मोजायचं कामही माझ्याकडेच आलं. साहेब म्हणाले, "भाऊ असला तरी आकडे खरे द्याल, एवढी खात्री आहे." मी मान हलवली.

१३ मे
जेवलो. झोपलो.

१४ मे
वहिनीने दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. "भावजी, घरातला गॅस बंद केलाय का ते बघायला हे अंथरुणातून दोनदा उठतात. हे झडप बंद ठेवतील?"
"नाही ठेवणार."
"मग तसं लिहा की."
मोजल्याशिवाय कसं लिहू, असं मी म्हणालो. तिला! काय माणूस आहे मी. ती औषधांची पिशवी माझ्या हातातून घेऊन वर गेली.

१६ मे
दार बदलून बॉयलर पुन्हा पेटवला. चिमणीच्या बुंध्याला भोक आहे, त्यात रबरी नळी घातली, दुसरं टोक पाणी भरलेल्या वाकड्या काचेच्या नळीला. पाण्याच्या पातळीत जितका फरक, तितकी ओढ. या भट्टीला तेरा मिलिमीटर तरी लागते.

सकाळी सात — तेरा, जेमतेम.
दुपारी तीन — साडेअकरा.

झडप पूर्ण उघडी होती, मी हात लावून पाहिली. ओढ कमी पडली की अर्धवट जळलेला धूर भट्टीतच साचतो. दार उघडून त्याला हवा मिळाली की भडका बाहेर. तिथे कुणीही उभा असता तरी भाजला असता.

१७ मे
चिमणीची फाईल काढली. बाहेरच्या हवेचं तापमान — दहा अंश. अक्षर माझंच. गेल्या वर्षी जानेवारीत पाहणीला गेलो होतो, त्या सकाळचा आकडा तसाच हिशेबात घातला. थंडीत ओढ वाढते, उन्हाळ्यात पडते, हे मी नव्या इंजिनिअरांना शिकवतो. चाळीस अंश धरले असते तर चिमणी चौतीस मीटर आली असती. मी तीस दिली, आणि हा तिचा पहिलाच उन्हाळा.

एप्रिलमध्ये दादा म्हणाला होता, "दुपारी ओढ कमी पडतेय रे, बघ जरा." मी म्हणालो, "दादा, आकडे मला शिकवू नकोस." तो हसला. मी शिकावं म्हणून शाळा सोडून कामाला लागलेला माणूस.

लाज वाटते. आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

१८ मे
अहवाल लिहिला. झडप उघडी असतानाही ओढ अपुरी, चिमणी चार मीटर कमी, चूक माझी. सही केली. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

दुपारी दादाला सांगितलं. "माझ्यामुळे झालं. उद्या लेखी देतोय." तो म्हणाला, "बरं. जेवलास का?"

१९ मे
अहवाल पुढे केला. साहेबांनी उघडलासुद्धा नाही. काल संध्याकाळी दादाने समितीला वॉर्डात बोलावून जबाब दिला — "झडप मीच बंद ठेवली होती." त्याच्या हातांना पट्ट्या, म्हणून खाली सही वहिनीची.