अर्पिताचा नंबर पुसणार नाही

बुलढाणा,
सोमवार, दुपारी दोन

तीर्थरूप किसनमामा यांस,

धाकटा भाचा भागवत याचा वाकून नमस्कार. मी इकडे बरा आहे, आई गावी बरी आहे, सोयाबीन मध्यम आहे. तुमचा रक्तदाब कसा आहे ते कळवावे. शक्यतो हे पत्र वाचण्याआधीचा आणि वाचून झाल्यावरचा, असे दोन्ही आकडे कळवावेत.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही माझा फोन उचलत नाही. मागच्या सोमवारपासून कालपर्यंत मी तुम्हाला एकवीस कॉल केले. (प्रत्येकाची वेळ फोनमध्ये राहते, ती मी वहीत उतरवून ठेवली आहे.) पहिले नऊ शेवटपर्यंत वाजले. दहाव्यापासून एकदा टुं होतं आणि कट होतं, म्हणजे तुम्ही मला ब्लॉक केलं आहे. ब्लॉक करणं तुम्हाला येत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा ते तुमच्या मुलाने, राजकुमारने, करून दिलं असणार. त्याला सांगा, की बारावीचे त्याचे सगळे अर्ज मीच शुद्ध करून दिले होते, आणि पुढचे तो कोणाकडून तपासून घेतो ते मी पाहीन. मी दोनदा बारावी नापास आहे, पण कोर्टासमोरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात वकीलसुद्धा मला वेलांटी विचारून जातात. म्हणून सांगतो, या पत्रात जे लिहिलं आहे ते नीट विचार करून, एकदा कच्चं आणि एकदा पक्कं, असं लिहिलं आहे. रागाच्या भरात लिहिलं असं समजू नये. राग आहे, पण तो कच्च्या कागदावर ठेवला.

तुमचं म्हणणं तुमच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, तोंडून माझ्यापर्यंत आलं. ते असं, की जानेफळच्या नारायणरावांच्या मुलीचा, म्हणजे अर्पिताचा, नंबर आमच्या आईच्या फोनमध्ये आला आणि आठ दिवसांत घरात चार घोळ झाले, तेव्हा तिचा पायगुण बरा नाही. भागवतने तो नंबर पुसावा, मामींची माफी मागावी आणि सोयरीक मोडावी, नाही तर किसनराव साक्षगंधाला पाय ठेवणार नाहीत. यातली माफीची गोष्ट आई स्वतः पाहील. बाकी दोन्हीला माझं उत्तर नाही असं आहे.

आता घोळ कसा झाला ते ऐका. (त्या एकवीस कॉलच्या आधी एकदा तुम्ही फोन उचललात, पण मला हे सांगू दिलं नाही. "तू मले मशीन शिकवू नको बे," असं म्हणून ठेवलात. पत्र ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण ते उघडंच राहतं.) आईला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिला बटनाचा फोन घेऊन दिला, तेव्हा तिला नावं वाचायला न शिकवता मोजायला शिकवलं. नावांची यादी उघडली की पहिलं नाव आक्का. तिथे खाली जायचं नाही, सरळ हिरवं बटन. एकदा खाली गेलं की कलीमभाई, ते आपली विहिरीवरची मोटर दुरुस्त करतात. दोनदा गेलं की डॉक्टर, तीनदा मी, चारदा "मामा" म्हणजे तुम्ही, पाचदा मामी आणि सहादा तिची मेहकरची मैत्रीण रुक्मिणीबाई. चुकू नये म्हणून आईने स्वतःच एक युक्ती काढली. एका हाताने बटन दाबते आणि दर दाबण्याला दुसऱ्या हातातली एक बांगडी कोपराकडे सारते. दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. तुम्ही चष्मा लावून, स्वतःचा मोठ्या पडद्याचा फोन घेऊन, तीनदा गॅस एजन्सीशी, तो मीच आहे असं समजून, बोललात. (तुमच्या फोनमध्ये मी "भाचा जुना" या नावाने आहे, हे मी दिवाळीत पाहिलं. "भाचा नवीन" कोण आहे ते मी विचारलं नाही.)

मुलगी पाहून आलो त्या दिवशी आईच म्हणाली, की बायाबायांचं बोलणं सुरू राहिलं पाहिजे, नंबर माझ्या फोनमध्ये टाक. मी टाकला. नाव तीनदा तपासलं, नंबर चारदा तपासला. एक गोष्ट तेवढी तपासली नाही, की फोन नावं अक्षराच्या क्रमाने लावतो. अर्पिता हे नाव अ वरून, म्हणून ते सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं आणि खालचे सातही जण एकेक पायरी घसरले. आईला काय माहीत? तिच्या बांगड्या तेवढ्याच होत्या.

पहिला घोळ तर घोळच नाही. आईने आक्काला लावला, तो अर्पिताला लागला. आई फोन लागला की समोरच्याला हॅलो म्हणायला जागा ठेवत नाही हे तुम्ही जाणता. तिने पाऊण तास गुडघे, शेजारणीची बकरी आणि लिंबाचं लोणचं का बुरसतं, हे सगळं सांगितलं. तिकडून नुसतं "हो आई, हो आई" येत राहिलं. फोन ठेवून आई म्हणाली, "आक्का सुधरली वो, मले आई म्हणून राह्यली." यात वाईट पायगुण कुठे दिसतो ते दाखवून द्यावं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटर बंद पडली. आईने कलीमभाईंना लावला, तो आक्काला लागला. आई बोलली ते असं, मी शब्दशः विचारून घेतलं आहे: "कालपासून बंद हाये. आंधी गुरगुर तरी करे, आता तेबी नाही. हात लावून पाह्यला, थंडीगार. मानसं घेऊन या अन् लवकर उचला." आणि फोन ठेवला. आक्का हिवरा आश्रमहून दुपारच्या आत जीप करून अकरा माणसं घेऊन आली, गावाच्या वेशीपासून रडत. कारण आमच्या घरात गुरगुर करणारी म्हणजे आमची आजी सरस्वतीबाई, दुसरी कोणी नाही. आजी दारात तूर निवडत बसली होती. तिने विचारलं, "काऊन रडता? कोन गेलं?" आक्काचे डोळे पुसायचे राहून गेले आणि ती म्हणाली, "तुम्हीच." आजीने सुपातली तूर बाजूला ठेवली आणि पुढची पाच मिनिटं जी गुरगुर केली, ती ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अकरा जण जेवून गेले. मोटर संध्याकाळपर्यंत तशीच.

तिसरा घोळ डॉक्टरांचा. माझ्याऐवजी त्यांना फोन लागला, आईने "जेवला का? पोट साफ झालं का? उन्हात फिरू नको," एवढं विचारलं. डॉक्टर "जेवलो, झालं, नाही फिरत," असं क्रमाने सांगून फोन ठेवते झाले. ते काही रागावलेले नाहीत. उलट परवा आजीला तपासताना म्हणाले, की इतकी विचारपूस मला कोणी करत नाही.

राहिला चौथा. त्यावरच तुमचं सगळं उभं आहे, म्हणून मी तो टाळणार नाही. आईला रुक्मिणीबाईंशी बोलायचं होतं, फोन मामींना लागला. आई अकरा मिनिटं मामींबद्दल बोलली. (कालावधी फोनमध्ये आहे, अकरा मिनिटं चार सेकंद.) वहिनी बाजारचे पापड आणून घरचे म्हणून वाढते, आईने दिलेलीच साडी घडी न मोडता फिरून आईलाच आहेरात आली, वगैरे. मामींनी मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी आईने दम घेतला तेव्हा तिकडून शांतपणे विचारलं, "झालं का ताई? का अजून हाये?" आईच्या हातातून फोन पडला, बॅटरी चुलीकडे गेली आणि झाकण अजून सापडलेलं नाही. आता माझा प्रश्न. पापडांबद्दल आईचं हे मत फोन यायच्याआधी सतरा वर्षांपासून आहे. साडी मागच्या वर्षीची आहे. अर्पिता तेव्हा आमच्या ओळखीचीसुद्धा नव्हती. मग तिने काय केलं? ती फक्त यादीत पहिली आली. ती बारावी पहिल्या दमात पास आहे, पहिलं येण्याची तिला सवय असेल.

आक्काने मध्यम मार्ग काढला तोही सांगतो. ती म्हणते, नाही तरी लग्नात मुलीचं नाव बदलतातच, मग आत्ताच फोनमध्ये बदल. शेवटच्या अक्षराचं ठेव, सगळ्यात खाली जाईल, बाकीचे आपापल्या जागी येतील आणि किसनचाही राग जाईल. मामा, मी यावर दोन दिवस खरंच विचार केला, कारण मी भांडखोर माणूस नाही. मी झेरॉक्स काढायच्या आधीसुद्धा गिऱ्हाइकाला दोनदा विचारतो. पण मला ते जमलं नाही. जी मुलगी अजून उंबरठा ओलांडून आली नाही, तिला आल्याआल्या सांगायचं, की बाई, तुझ्या नावाने आमच्या घरातली माणसं घसरतात, तेव्हा तू खाली जा? ती अर्पिता म्हणून पसंत केली, अर्पिता म्हणूनच येईल, फोनमध्येही आणि घरातही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायला सांगाल, तर मी तेच लिहीन.

आणि घोळ आता उरलेलाही नाही. गेल्या गुरुवारी मी रजा घेऊन गावी गेलो आणि आईला घाबरत घाबरत सांगितलं, की माय, तुझी दोन वर्षांची मोजणी मोडली, आता सगळ्यांना एकेक जास्त. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मंग त्यात काय हाये? घरात मानूस वाढलं का एक भाकर जास्त टाकतो. एक बांगडी जास्त सारीन." एका दुपारी शिकली. शुक्रवारपासून एकही चूक नाही. म्हणजे छप्पन्न वर्षांच्या निरक्षर बाईने जे एका दुपारी समजून घेतलं, ते समजायला तुम्हाला पंधरा दिवस लागत आहेत. हे वाक्य मी कच्च्यात खोडलं होतं, पक्क्यात पुन्हा घेतलं.

साक्षगंध या नाही, पुढच्या रविवारी जानेफळला आहे. आपल्या घराण्यात मुलाच्या मामाने शाल-नारळ दिल्याशिवाय पुढचं काही होत नाही. तुम्ही नसलात तर नारायणराव भल्या माणसासारखे विचारतील, की मामा का नाही आले? कोणी तरी सांगेलच, आणि पायगुण हा शब्द संध्याकाळपर्यंत साऱ्या जानेफळमध्ये फिरेल. माझं काही जाणार नाही. त्या मुलीच्या अंगाला तो जन्मभर चिकटेल. पुढे गाय आटली तरी तिच्यावर आणि डीपी जळून गावाची वीज गेली तरी तिच्यावर. तुमचा राग आईवर असेल तर आईवर ठेवा, माझ्यावर असेल तर ब्लॉक केलंच आहे. तुम्ही नाही आलात तर तुमची जागा मी रिकामी ठेवीन, दुसऱ्या कोणाला तिथे बसवणार नाही, आणि सगळ्यांना खरं कारण मी स्वतः सांगेन, यादी आणि बांगड्यांसकट. मी तशी चिठ्ठी लिहून ठेवली आहे.

नंबर पुसणार नाही. कळावे.

आपला आज्ञाधारक (ही एक गोष्ट सोडून),
भागवत

ता.क. शाल-नारळाचा मी खर्च करतो, तुम्ही फक्त हात लावा.

ता.क. दुसरा. एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. ज्या नंबरसाठी मी एवढं लिहिलं, तो माझ्याही फोनमध्ये आहे आणि त्यावर मी अजून एकदाही कॉल केलेला नाही. पहिलं वाक्य काय असावं हे ठरत नाही. वहीत सात वाक्यं लिहिली, सातही शुद्ध आहेत, पण एकही फोनवर बोलण्यासारखं नाही. तुम्ही मामींना पहिल्यांदा काय म्हणाला होतात ते कळवलंत तर उपकार होतील.

ता.क. तिसरा, बुधवार. पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहितो आहे. तुमच्या उत्तराची गरज राहिली नाही. काल अर्पितानेच मला फोन केला. (मी तीन कॉल वाजू दिले, चौथा उचलला.) तिला सगळं माहीत आहे. पायगुणाचंही. तिने आक्काकडून नंबर घेऊन मामींना गेल्या आठवड्यातच फोन केला होता आणि विचारलं होतं, की माझ्या नावामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, तर आता मी काय करू? मामी म्हणाल्या, "काही नको करू पोरी. पापड बाजारचेच व्हते." तेव्हापासून दोघी रोज बोलतात. मामी साक्षगंधाला येत आहेत. शाल त्यांनी मेहकरहून घेतली आहे, मोरपंखी रंगाची. हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही, कारण तुम्ही किती दिवस ताणता ते त्यांना पाहायचं आहे. म्हणून पाकिटावर "किसनराव यांनी स्वतःच उघडावे" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

मामी साक्षगंधाच्या रविवारी सकाळी नऊच्या एसटीने निघणार आहेत. तुम्ही आठच्या एसटीने निघा. म्हणजे तुम्ही आपण होऊन आलात असं होईल.