खिडकीपलीकडचा विसावा

९ फेब्रुवारी
रेलिंग बसलं. परकोटाच्या आमच्या खिडकीत, म्हणजे तटातल्या त्या छोट्या दरवाजात, आता आडवंतिडवं लोखंड आहे. माणूस वळत वळत जातो, सायकल हाताने वळवून नेता येते, मोटरसायकल अडते. एवढ्यासाठी पालिकेच्या ऑफिसच्या किती चकरा.
सकाळी आमचा पायी-सायकल गट जमला होता. सायकल दुकानवाल्या सलीमभाईंनी आपली जुनी सायकल आधी नेली. पलीकडून म्हणाले, "मॅडम, आता हॉर्न मारून दाखवा म्हणा." त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. त्या कमानीखाली कोणाचं बोलणं ऐकू येऊन किती वर्षं झाली असतील.
घरी बाबांना फोटो दाखवला. चष्मा कपाळावर नेऊन पाहिला. "मजबूत आहे काय?" एवढंच.
गेल्या वर्षी याच खिडकीत मागून आलेल्या गाडीने त्यांना पाडलं. तेव्हापासून त्यांचं चालणं अंगणापुरतं. हे मी शहरासाठी केलं की बाबांसाठी? दोन्हींसाठी, असं म्हणणं सोयीचं आहे.

१२ फेब्रु.
कॉलेजातून येताना मुद्दाम खिडकीतून आले. गार दगड. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसायचे तेव्हा इथे आलं की ते म्हणायचे, "डोकं." मी वाकायचे. कमान भरपूर उंच, वाकायची काही गरज नव्हती. हे मला मोठी झाल्यावर कळलं, तरी पुढे स्वतःची सायकल घेऊन जातानाही वाकतच राहिले. घंटी वाजवली की आवाज आत गोल फिरायचा. बाहेर पडलं की नदीकडचा वारा आणि कोणाच्या तरी म्हशी. आता पलीकडे प्लॉट पडलेत. वारा मात्र येतो, थोडी कोळशाची धूळ घेऊन.
आज घंटी वाजवली. कोणी पाहत नाही ना, हे बघून.

१७ फेब्रु.
समोरच्या काकू गेल्या. पहाटेच. लिहवत नाही, पण लिहिते.
आमच्या गल्लीत अजून दोनचार घरं खांद्यावरच नेतात, खिडकीतून नदीवर. काकूंनीही तसंच सांगून ठेवलं होतं. रिवाजाप्रमाणे आम्ही बायका गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि थांबलो. पुरुष पुढे गेले. आम्ही परतणार, तेवढ्यात पुढचा रामनामाचा घोष थांबला. मग काही वेळ नुसता गलका.
आणि तिरडी परत आली.
निघालेली तिरडी मागे फिरत नाही. मी तरी आजवर पाहिली नव्हती. लांब बांबू रेलिंगात वळेचना, दोन्ही बाजूंच्या खांदेकऱ्यांना पाऊल टाकायला जागा नाही. काकूंना आमच्या समोरून, त्यांच्या स्वतःच्या दारावरून उलटं नेलं, मोठ्या गेटकडे, ट्रकांच्या रस्त्याने. बायकांनी तोंडं भिंतीकडे केली. मी केलं नाही. करायला हवं होतं की नव्हतं, ते ठरवता आलं नाही.
सायं. श्याम, काकूंचा मुलगा, ओट्यावर भेटला. मी काहीतरी बोलायला गेले. म्हणाला, "ताई, तुमच्या सायकलीले वाट भेटली. माह्या मायले नाई भेटली."

१८ फेब्रु.
रेलिंगचं माप काढताना आम्ही काय काय नेऊन पाहिलं होतं: सायकल, बाळाची गाडी, चाकाची खुर्ची, डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली. तिरडी कोणाच्या मनात आली नाही. गटात बहुतेक आम्ही बायका. आम्ही तिच्या मागे कधी गेलोच नाही. पुरुष आहेत ते बाहेरच्या नव्या कॉलन्यांतले, तिथे शववाहिनी येते. सलीमभाई दुपारी येऊन गेले, चहा घेतला नाही. "जनाजा आमचा दुसऱ्या बाजूनं जाते न. माह्याबी ध्यानात नाई आलं."
ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय, 'शववाहिनीने न्यायचं ना, प्रॉब्लेम काय?' दोघींनी अंगठा दिलाय. पायी चला म्हणणारे आम्हीच.
आईच्या वेळीही मी गल्लीच्या तोंडाशीच थांबले होते. आई खिडकीतून गेली एवढं ठाऊक आहे. पुढचं काही पाहिलेलं नाही.

२० फेब्रु.
ऑफिसात गेले. उघडणारं फाटक द्या म्हटलं, अंत्ययात्रेपुरतं उघडायचं. साहेब हसले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "मॅडम, कुलूप कोण सांभाळणार? आठ दिवसांत फाटकच उघडं राहते, मग गाड्या सुरू. ठेवायचं का काढायचं, दोन्हीतलं एक सांगा. सोमवारी." गाडीवाल्यांचा 'काढा' म्हणणारा अर्ज आधीच टेबलावर होता. त्यावर श्यामची सही. श्यामकडे गाडी नाही.

२१ फेब्रु.
बाबांपासून लपवलं होतं. त्यांना सगळं माहीत. गल्लीत काय लपतं.
जेवताना म्हणाले, "तुह्या आईले त्याच वाटेनं नेलं. खिडकीच्या बाहेर निघालं का डाव्या हाताले विसावा आहे. तिथी खाली ठेवलं, खांदे बदलले. मंग पुढं." थोड्या वेळाने, "मलेबी तसंच पाह्यजे होतं."
'होतं' म्हणाले. मी वरण वाढलं.

२३ फेब्रु., रविवार
दुपारी बाबा स्वतःहून चपला शोधायला लागले. "चाल, पाहून येऊ तुहं लोखंड."
हळूहळू गेलो. खिडकीत त्यांनी दोन्ही हातांनी रेलिंग धरलं आणि एकेक वळण घेत पार झाले. मागून कोणी नाही, त्यामुळे घाई नाही. अंगणाबाहेर त्यांना इतकं निवांत चालताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.
"पकडाले बरं आहे," म्हणाले.
"काढू की ठेवू, बाबा?"
"मले काऊन विचारतं?"
"मग कोणाला विचारू?"
पलीकडे डाव्या हाताला एक सपाट दगड, कडेला रानतुळस. इतक्यांदा सायकलवरून गेले इथून, दगड पाहिला होता, विसावा म्हणून नाही. बाबा त्याच्यापाशी उभे राहिले, काठी टेकून. नदीकडे पाहत होते. मग माझ्याकडे न पाहताच, "मले कोणत्याबी वाटेनं ने. पण तू येशीन काय? याच्या पुढं? पायी?"
मी म्हटलं, "ऊन उतरलं बाबा, चला."
"चाल."
परतताना खिडकीत ते पुढे, मी मागे. मी कमानीखाली आले आणि सवयीने वाकले. बाबा रेलिंग धरून थांबले होते, त्यांनी पाहिलं. हसले की काय, कमानीच्या अंधारात कळलं नाही.
उद्या सोमवार. साहेबांना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. आणि बाबांच्या 'येशीन काय?'ला तर...