गुरुजींनी टाकलेली तारीख

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघे दुखत असतील तर आशीर्वाद बसूनच द्या.

मी मजेत आहे. खोलीला आता पडदेही लावलेत. आईचा खोकला थांबला का?

एक करा, पुढच्या महिन्याचं इकडे यायचं विमानाचं तिकीट रद्द करा. घाबरू नका. आमच्या संस्थेकडे सगळे देश अतिरेकी संशयितांची नावं पाठवतात आणि आम्ही ती विमानतळांना कळवतो. काल त्या यादीत तुमचं नाव दिसलं, आजोबांच्या नावासकट. माणूस दुसराच आहे हो, पण फोटो नाही, आणि जन्मतारीखही तीच, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली एक जून. त्याच्याही गुरुजींनी तेच केलं असणार!

साहेब म्हणाले, "हा तो नव्हे, असं नाव पाठवणाऱ्या देशानेच लिहून द्यायला हवं. वडिलांना अर्ज करू दे."

अर्ज सोबत जोडलाय. आईला यातलं काही बोलू नका.

असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात, बाबा. चार वर्षं मी सगळ्यांना एकच छापील उत्तर पाठवतेय, "चौकशी चालू आहे." तुम्हालाही तेच येईल. खाली सही माझी असेल.

तुमची
धाकटी