वळणापलीकडची होडी

१४ नोव्हेंबर १९७१, रविवार

कुरव! राहुरीपुढच्या नव्या धरणावर कुरव! अलिबागच्या सहलीत पाहिलेला समुद्रावरचा पक्षी इथे, दगडधोंड्यांच्या मुलखात! पांढराशुभ्र, कानामागे काळा ठिपका. चाळीस तरी असतील.

आणि अंतर एवढं, की फोटोत नुसते तांदूळ दिसतील.

होडीवाला आहे एक, कानिफनाथ भोई. त्याला म्हटलं, चल वळणापलीकडे, पक्षी तिकडेच उतरतात. तर म्हणतो, "तिकडं काय न्हाई मास्तर, निस्ता गाळ हाय. फसाल." बोलताना बघत होता पाण्याकडे. शाळेत वीस वर्षं ड्रॉइंग शिकवतोय. खोटं बोलणारं पोर कसं उभं राहतं ते मला कळतं.

त्याची आई रतनबाई. खोपटाबाहेर घोंगडं पांघरून बसलेली असते. मागितल्याशिवाय चहा दिला. "सापडलं का पाखरू?" फार गोड बोलते.

२१ नोव्हेंबर, रविवार

एसटीच्या टपावर सायकल टाकून सकाळीच पोचलो. कानिफनाथची होडी माझ्या आधीच वळणाआड. परत आली तेव्हा तळाशी एक पोतं, रिकामं. आणि होडीच्या काठाला पांढरी पिसं!

धरणाचा चौकीदार श्रीमंत बिडी ओढत बसला होता. त्याला विचारलं. "त्याच्या पोत्यात काय असतं, त्यालाच इचारा की," म्हणाला आणि डोळा बारीक केला.

आज कुरव मोजले. एकतीस.

घरी भागिरथीला सांगितलं, हा माणूस पक्षी धरतो आणि नगरच्या हॉटेलांना विकतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल. तुम्हाला दूधवालासुद्धा चोर वाटतो." दूधवाला चोरच आहे.

२२ नोव्हेंबर

चाळिसातून एकतीस. नऊ कुठे गेले?

२८ नोव्हेंबर, रविवार

पकडला!

पहाटेच्या गाडीने गेलो, कुणाला दिसलो नाही. वळणापलीकडे पायी जाऊन निवडुंगाच्या झुडपात बसलो. हाताला काटे, मांडीला मुंग्या. छगन स्टुडिओवाल्याचा कॅमेरा आणि लांब भिंग मागून आणलं होतं. होडी आली. वल्ह्यावर कानिफनाथ. पुढे कुणीतरी घोंगड्यात गुरफटलेलं, त्याचा साथीदार असणार. कुरव होडीभोवती घिरट्या घालायला लागले, डासांसारखे. साथीदाराने हात उंच केला, एक पक्षी त्या हातावर खाली आला आणि मला दिसेनासा झाला.

तीन फोटो काढले. आमिष आणि फास, दुसरं काय!

रोलमध्ये अजून अकरा फोटो शिल्लक आहेत. आताच धुतला तर ते वाया. छत्तीस पुरे झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही हा माझा नेम, आणि कानिफनाथसाठी मी तो मोडणार नाही. डोळ्यांनी पाहिलंय, पुराव्याची घाई काय?

२९ नोव्हेंबर

धरणावरच्या कचेरीला अर्ज टाकला. "परवान्याच्या होडीतून रोज सकाळी पक्ष्यांची चोरटी शिकार चालते." सही – एक हितचिंतक. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. ड्रॉइंग मास्तरला वाकडं अक्षर काढणं किती जड जातं!

५ डिसेंबर, रविवार

परवापासून लढाई. एरवी कचेरीत अर्ज वर्षभर धूळ खातो. पण लढाईचे दिवस, धरणाचा मामला – चार दिवसांत परवाना बंद, होडी काठावर ओढून साखळीने बांधलेली.

कानिफनाथ तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मासं बंद झालं मास्तर. कोनी काय केलं, कळंना." मी म्हटलं, होईल सुरळीत. माझा आवाज मलाच परका वाटला, पण मनात म्हटलं, भोग आता!

रतनबाईने आजही चहा दिला. विचारलं काहीच नाही.

कुरव सतरा.

९ डिसेंबर

ब्लॅकआउट. आमचं सगळं भिंगार गावच डार्करूम झालंय. छगन खूष!

१३ डिसेंबर, सोमवार

रोल संपला. छगनकडे बसून धुतला. ते तीन फोटो मोठे करायला घेतले, कचेरीत पुरावा म्हणून द्यायला.

ट्रेमध्ये आधी पंखांची टोकं आली. मग हात. म्हाताऱ्या बाईचा हात, मनगटावर गोंदण. चिमटीत भाकरीचा तुकडा आणि कुरवाची चोच त्या तुकड्याला लागलेली. घोंगड्यातून वर पाहणारा चेहरा – रतनबाई. हसते आहे.

फास नाही. काही नाही.

छगन मागून म्हणाला, "वा मास्तर! जन्मात एकदाच येतो असा फोटो." हो, खरंच. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे. मला ट्रेमध्ये बघवेना.

१९ डिसेंबर, रविवार

लढाई संपली. एसटीत लोक पेढे वाटत होते. माझा मी तसाच खिशात ठेवला.

कानिफनाथला नुसतं विचारलं, वळणापलीकडे काय करायचास? होडीच्या साखळीवरून हात फिरवत राहिला. मग सांगितलं.

"आमचं गाव तिथं हाय, पान्याखाली. दोन सालामागं पौषात बाप वारला. दहाव्याला पिंड ठिवला, कावळा शिवंना. नव्या गावठानात झाडच न्हाई, कावळा बसनार कुटं? मंग हे पांढरं पाखरू आलं आन पिंड उचलला. भटजी म्हनला, हे चालत न्हाई, दर्भाचा कावळा करा. केला. पर माय ऐकंना. तिचं म्हननं, धनीच आल्ते, गाव बघाया. तवापासनं थंडीत रोज भाकरी न्हेती गावावर. लोक हसत्यात, म्हून सांगत न्हाई कोनाला."

पिसं? पाखरं होडीच्या काठावर बसतात, त्यांची. पोतं? भाकरीचं. चाळिसाचे एकतीस? मीच नीट मोजले नसतील!

रतनबाई आत पडून होती, ताप. "होडी सुटली का?" एवढंच विचारत होती.

तसाच कचेरीत गेलो. कारकून रविवारीही होता. तो अर्ज मागे घेता येईल का, विचारलं. "निनावी अर्ज मागे कोण घेणार? ज्याने केला त्याने सही करून द्यावं. तुम्ही केला का?"

नाही म्हणालो. लाज वाटली. दुसरं कारण नाही.

२६ डिसेंबर, रविवार

रतनबाई परवा गेली.

२ जानेवारी १९७२, रविवार

दहावा. पाण्याच्या काठावर पिंड ठेवला. दूर बाभळीवर दोन कावळे. ढिम्म हलेनात. कुरव लांब पाण्यावर.

मग माणसं एकेक करून पुढे होऊन शब्द द्यायला लागली. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून बोलायचं, म्हणजे कावळा शिवतो. कुणी म्हणालं, "तुज्या नातीचं, चांगुनाचं लगीन आमी करू, माय." कुणी म्हणालं, नातवंडांना शाळेत घालू. कानिफनाथ म्हणाला, "होडी सोडवीन गं माय." कावळे तसेच. ऊन चढलं. सगळे ताटकळलेले, आणि तिचं मन कशात अडकलंय ते एकट्या मला ठाऊक.

पुढे झालो. म्हटलं, "आजी, अर्ज मी केला. उद्या सही करून मागे घेतो."

मला वाटलं, आता तरी येईल.

नाही आला. कानिफनाथने दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. श्रीमंत तेवढा खोकला.

३ जानेवारी

रजा टाकली. सही केली, पूर्ण नाव, सरळ अक्षरात. भागिरथीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

९ जानेवारी, रविवार

होडी सुटली. कॅमेरा नेला नव्हता. कानिफनाथ म्हणाला, "बसा." वळणापलीकडे जाऊन त्याने वल्हं थांबवलं. मग पोत्यातली भाकरी माझ्या हातात दिली.

"माय भाकर पान्यावरच टाकायची. हात कदी वर करत नव्हती, खांदा दुखायचा तिचा. त्या एकाच दिशी केला. म्हनली, मास्तर तिकडं निवडुंगात बसलाय बग, लई दिस झालं हिंडतोय पाखरापायी. त्याला नीट दिसू दे."